प्रश्नकर्त्याची अब्रू



तिरोडा तालुक्यात, नागझिऱ्याच्या अरण्यालगत पसरलेल्या या बोदलकसा तलावाच्या काठी मी आपले मनःपूर्वक स्वागत करतो. व्यवस्थेतील उणिवांबद्दल स्वागताध्यक्षाने क्षमा मागण्याचा रिवाज आहे. येथला भात आणि तळ्यातली मासळी माझी वकिली करतील, या भरवशावर मी तो मोडतो.

मी मानसोपचारक नव्हे. तरीही उपचारकाची वैयक्तिक मूल्ये हा आपल्या या संमेलनाचा विषय कळल्यापासून मला र. धों. कर्वे आठवत आहेत. गणिताच्या या प्राध्यापकाने 1927 साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले, आणि जे प्रश्न वडिलांपुढे किंवा वैद्यापुढे काढण्यास कोणी धजत नसे, ते वाचक त्यांना पत्राने विचारू लागले. त्या प्रश्नोत्तरांवरून 1934 मध्ये अश्लीलतेचा जो खटला गुदरला, त्यात कर्व्यांची बाजू मांडली ती डॉ. आंबेडकरांनी. लोक विचारतात, तर संपादकाने उत्तर का देऊ नये, हा त्यांचा मुद्दा कोर्टाला पटला नाही. कर्व्यांची मते प्रखर होती, किंबहुना हेकट होती, आणि ती ते कधी लपवीत नसत; पण पत्रलेखकाच्या शंकेला त्यांनी पाप म्हटले नाही. त्या खटल्यात समलिंगी आकर्षणाविषयीची उत्तरेही होती. अशा व्यक्तींना ‘बदलण्याचा’ उपचार हे गैरवर्तन होय, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने जाहीर केले ते 2022 साली!

कर्व्यांपुढे निदान कागद होता. आपल्यापुढे माणूस बसतो, आणि आमच्या झाडीपट्टीत तो एकटा क्वचितच येतो. माहेरी परतलेली एखादी लेक सल्ला घेण्यास येते तेव्हा शेजारी तिचा भाऊ असतो, बाहेर अर्धे गाव असते. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने गोपनीयतेचा हक्क दिला, परंतु भावाला बाहेर बसा म्हणण्याचे धैर्य कायद्याच्या दप्तरातून मिळत नाही. आणि ती विचारते, “जाऊ का नको, तुमीच सांगा जी.” त्या क्षणी ऐकणाऱ्याच्या घरचे संस्कार, त्याच्या आईने सोसलेले दिवस, हे सारे त्याच्याआधी उत्तर देऊन मोकळे होतात, आणि ते शास्त्राच्या शिक्क्यानिशी बाहेर पडले म्हणजे तिला ते ओळखू येत नाहीत. तटस्थ राहावे, हे सांगणे सोपे. पण हतबल माणसाला मौन हाही एक हुकूमच वाटतो.

उद्या आपण परतण्यापूर्वी तिला काय म्हणावे, एवढे या यजमानाला कोणीतरी सांगावे. तूर्त चहा तयार आहे.