डोंगराचे रान आणि झाडांचा हिशेब

(व्याख्यानाचा सारांश)



इगतपुरीला वर्षाकाठी 3,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्याच नाशिक जिल्ह्यात, सिन्नरच्या पूर्व भागात, तो 600 च्याही खाली येतो. निसर्गाने केलेली ही विषम वाटणी ज्याला समजली, त्याला सर्व डोंगरांवर एकच झाड लावण्याची योजना सुचणार नाही.

त्र्यंबकेश्वराजवळची अंजनेरी पाहा. एकाच डोंगरावर तीन निरनिराळी राने नांदतात. माथ्यावर काळ्या पाषाणाचा सडा आणि त्यावर बोटभर माती. पावसाळ्यात तेथे पाणी साचते, उन्हाळ्यात खडक तापतो. तेथे मोठे झाड तगत नाही. कंदात जीव राखून पावसाच्या चार महिन्यांत फुलणारी झुडपे आणि गवतेच टिकतात. उतारावर कारवी माती धरून ठेवते, सात वर्षांनी एकदम फुलते आणि बी टाकून वाळते. तिच्याच काठ्यांनी आदिवासींच्या घरांचे कूड उभे राहिले. घळींमध्ये सावली आणि ओल असते, म्हणून तेथे आंबा-जांभळासारखे वृक्ष वाढतात.

याच डोंगरावरील एका कंदीलपुष्पाची ‘सेरोपेजिया अंजनेरिका’ ही नवी जात म्हणून 2006 साली शास्त्रीय नोंद झाली. 2017 मध्ये अंजनेरी संवर्धन राखीव क्षेत्र ठरली. तरीही पुढे तेथे रस्त्याचे आणि रोपवेचे प्रस्ताव आले, व नाशिकच्या निसर्गप्रेमींना विरोधासाठी उभे राहावे लागले.

अशा प्रस्तावांचे समर्थन ठरलेले असते : येथे तोडू, तेथे लावू. 2016 च्या कायद्याने भरपाई वनीकरणासाठी निधी उभा केला. 2019 साली राज्याने 33 कोटी रोपांचे लक्ष्य ठेवले. या हिशेबात झाड म्हणजे एक नग, आणि एका नगाची भरपाई दुसऱ्या नगाने होते. परंतु सड्यावरचा कंद कोणत्याही रोपवाटिकेतून परत आणता येत नाही. उघड्या सड्याला ओसाड समजून तेथे खड्डे खणले, तर वृक्षारोपणाच्याच नावाने त्याचा नाश होतो.

गुराख्याला आणि मोळीवालीला दोष देणे सोपे असते. चराई व वणव्याने हानी होते, हे खरेच. पण त्यांना पर्याय न देता केलेली बंदी ही गरिबांवरची सक्ती ठरते. 2006 च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला सामूहिक वनाच्या रक्षणाचा आणि व्यवस्थापनाचा अधिकार दिला आहे. तो कागदावरून गावात आणणे हे कार्यकर्त्यांचे काम आहे. कोणत्या घळीत काय उगवते आणि कोठे गुरे सोडू नयेत, हे ग्रामसभेत ठरले, तरच ते रान राहील.