बोटीवरचा शेवटचा दिवस

२०२३ साली आम्ही सहकुटुंब मुंबईहून बोटीने लक्षद्वीपला गेलो. परतीचा शेवटचा दिवस सारा पाण्यावरच गेला. मोठ्या बॅगा चिठ्ठी लावून रात्रीच खोलीबाहेर ठेवावयाच्या, औषधे, ओळखपत्रे व उद्याचे कपडे जवळ ठेवावयाचे, खोलीच्या नावे पडलेला खर्च तपासावयाचा. हे सारे बायकांनीच करावे, अशी घरोघरची रीत! मी मात्र सकाळीच ज्याचे कपडे त्याला आवरावयास सांगितले व हिशेब यजमानांकडे सोपविला.

दुपारी सासूबाई व मी डेकवर नुसत्या बसलो. त्या म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून भरदुपारी इतका वेळ मी रिकामी बसले नव्हते गं!"

भगिनींनो, सहल सर्वांची, तशी आवराआवरही सर्वांची असावी.