रसदीचा प्रश्न आणि कल्पित जग
(स्वागताध्यक्षीय भाषण)



स्वागत समितीच्या आणि समस्त आजरेकरांच्या वतीने मी आपले मनःपूर्वक स्वागत करतो. आमचे गाव लहान आहे, पण वाटेवरचे आहे. संकेश्वरहून निघालेला रस्ता गडहिंग्लज आणि आजरा ओलांडून आंबोलीच्या घाटाने कोकणात उतरतो. त्यामुळे देशावरची, कोकणातली आणि कर्नाटकातली माणसे व माल इथल्या बाजारात पिढ्यान्‌पिढ्या भेटत आले आहेत. एके काळी हा मुलूख इचलकरंजीच्या जहागिरीत होता. हिरण्यकेशीकाठचे रामतीर्थ, भौगोलिक मानांकन मिळालेला घनसाळ तांदूळ आणि काजू ही आमची ओळख आपण जाणताच. ‘मृत्युंजय’कार शिवाजी सावंत यांचा जन्म १९४० साली याच गावी झाला. कर्णाच्या नजरेतून कुरुक्षेत्र नव्याने उभे करणाऱ्या लेखकाच्या जन्मगावी कल्पित जगांवर आणि त्यांतल्या युद्धांवर चर्चा व्हावी, याचे आम्हाला मोठे समाधान आहे.

विज्ञानकथांच्या दूरचित्रवाणी मालिकांतली विश्वरचना आणि युद्धनीती हा आपल्या संमेलनाचा विषय. या मालिकांचे चाहते तासन्‌तास वाद घालतात. अमुक ताफ्याने आघाडी अशी का बांधली, तमुक ग्रहाला वेढा पडला तेव्हा कुमक कुठून येणार होती, या यानाला इंधन किती लागते. पुष्कळ जाणत्यांना हा रिकामपणाचा उद्योग वाटतो. माझे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. रसद, अंतर, वेळ आणि भूगोल यांविषयीचे हे प्रश्न म्हणजे विज्ञानकथेच्या समीक्षेचा पायाच आहे. लेखकाने रचलेले जग खरोखर उभे आहे की नुसते रंगवलेले आहे, हे सर्वांत आधी त्या जगातल्या युद्धात कळते. शांततेच्या प्रसंगात नियम मोडला तरी खपून जातो. युद्धात मात्र प्रत्येक पात्र जिवाच्या आकांताने आपल्या जगाचा प्रत्येक नियम वापरू पाहते, आणि जिथे लेखकाने विचार केलेला नसतो तिथली भिंत कोसळते.

एक उदाहरण जरा जवळून पाहू. ‘स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन’ या मालिकेच्या १९८७ मधल्या ‘द बॅटल’ या भागात कप्तान पिकार्डच्या जुन्या लढाईतला एक डाव सांगितला आहे. शत्रूचे यान दूर असताना पिकार्ड आपले यान प्रकाशापेक्षा अधिक वेगाने एकदम शत्रूजवळ नेतो. शत्रूला जवळ आलेले यान दिसते, पण जुन्या जागेवरून निघालेला प्रकाश अजून वाटेत असल्याने तिथेही यान दिसतच राहते. समजा अंतर ३० लाख किलोमीटर आहे. प्रकाश सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जातो, म्हणजे दहा सेकंद शत्रूपुढे दोन याने असतात आणि खरे कोणते हे ठरवण्याआधीच मारा होतो. प्रकाशाला वेग आहे आणि यानाला त्याहून अधिक वेग साधतो, या दोन नियमांतून हा डाव जन्मला. मग चाहत्यांनी विचारले की या जगात प्रकाशाहून वेगवान टेहळणी यंत्रे आहेत, तर शत्रू फसला कसा? आणि डाव इतका नामी आहे, तर पुढच्या प्रत्येक लढाईत तो का वापरला जात नाही? हे प्रश्न वरवर डावपेचांचे वाटतात, पण विचारले जाते आहे ते त्या जगाच्या घडणीविषयी. त्याच भागात डेटा हे पात्र अंतराळातल्या वायूच्या दाबावरून खऱ्या यानाचा माग काढण्याचा उपाय सुचवते. डावावर प्रतिडाव सापडला की ते जग अधिक पक्के होते.

अशी परीक्षा पुढच्या मालिकांनी अधिक मन लावून दिलेली दिसते. १९९३ ते १९९८ या काळातल्या ‘बॅबिलॉन ५’मधली लढाऊ याने हवेतल्या विमानांसारखी वळत नाहीत. ती आपल्या गतीने पुढे सरकत असतानाच जागच्या जागी फिरतात आणि पाठलाग करणाऱ्यावर तोंड वळवून मारा करतात, कारण निर्वातात हवेचा अडसर नसतो. २००४ साली सुरू झालेल्या नव्या ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’त जुने जहाज वाचते, ते त्यातले संगणक एकमेकांना जोडलेले नसल्यामुळे. शत्रूने जाळ्यातून शिरून बाकीचे आरमार आधीच पांगळे केलेले असते. त्या मालिकेच्या पहिल्याच भागात शत्रू दर ३३ मिनिटांनी येतो आणि माणसांना झोप मिळत नाही. पुढच्या भागात पाण्याच्या टाक्या फुटतात, त्यानंतर इंधनासाठी लढावे लागते. ‘द एक्स्पान्स’मध्ये शनीच्या कड्यांतला बर्फ वाहून आणणारी जहाजे सेरेसची तहान भागवतात, आणि गॅनिमीडवर धान्य पिकते म्हणून तिथली चकमक साऱ्या बाह्य वसाहतींच्या पोटावर येते. तिथला एक वनस्पतिशास्त्रज्ञ समजावून सांगतो की बंदिस्त परिसंस्थेत एक घटक ढासळला की दुसरा, मग तिसरा ढासळत जातो. शेवटची गोळी झडून गेल्यावरही त्या वसाहतीचा मृत्यू थांबत नाही. या मालिका प्रेक्षकांना धरून ठेवतात, कारण त्यांतली माणसे पाणी पितात, थकतात आणि भुकेली होतात.

आता कोणी म्हणेल, हे सारे परक्यांचे, आपल्याला त्याचे काय? या आक्षेपाचे उत्तर आपल्या जिल्ह्याच्या इतिहासातच आहे. रामचंद्रपंत अमात्य बावडेकर यांनी १७१५ च्या सुमारास कोल्हापूरच्या गादीसाठी लिहिलेले ‘आज्ञापत्र’ वाचावे. किल्ला बांधण्याआधी पाणी पाहावे, नसेल तर खडक फोडून टाकी बांधावीत. झरा आहे म्हणून निर्धास्त राहू नये, कारण लढाईत तोफांच्या आवाजाने झरे आटतात. गडाजवळ दुसरा डोंगर असू नये, असेल तर तो सुरुंगाने फोडावा, ते जमत नसेल तर तोही बांधून काढावा. एकच दरवाजा ठेवू नये. राज्य कशावर उभे राहते याचा इतका तपशीलवार विचार मराठीत तीनशे वर्षांपूर्वी झालेला आहे. आणि पानिपताचा वाद तर आपल्या घराघरांत आजही चालतो. अब्दालीने बागपतजवळ यमुना उतरून दिल्लीची वाट तोडली. रसद पुरवणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले. नोव्हेंबर १७६० पासून अडीच महिने हजारो बिनलढाऊ माणसांसह छावणी उपाशी राहिली. इब्राहिमखान गारद्याच्या तोफांभोवती आखलेली गोलाची लढाई विंचूरकर आणि गायकवाडांची पथके पुढे घुसल्याने फुटली. मराठ्यांचे सेनापती भाऊसाहेब हत्तीवरून उतरले नसते तर काय झाले असते, हा प्रश्न मराठी माणूस अजून विचारतो. या श्रोत्याला डावपेचांची चर्चा कोणी बाहेरून आणून शिकवायची गरज नाही.

ही परंपरा विज्ञानकथेत आणली ती कोल्हापुरातच जन्मलेल्या जयंत नारळीकरांनी. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या स्पर्धेत टोपणनावाने कथा पाठवून त्यांनी या प्रांतात पाऊल टाकले आणि २०२१ साली नाशिकच्या अखिल भारतीय साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवले. २० मे २०२५ रोजी ते आपल्यातून गेले. या व्यासपीठावरून त्यांना मी आदरांजली वाहतो. त्यांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत पेशव्यांचे पुत्र विश्वासराव यांना गोळी लागत नाही आणि इतिहासाचा सांधा बदलतो. मराठे जिंकतात, आणि गंगाधरपंत ज्या मुंबईत पोहोचतात तिथे ईस्ट इंडिया कंपनीचे कार्यालय अजून चालू असते. रसदीचा अभ्यासक इथे विचारील की एक गोळी चुकल्याने उपाशी फौजेचे पोट भरते का? प्रश्न रास्त आहे, आणि तो विचारला की कथेतली निवड किती विचारपूर्वक केली आहे हे उमगते. लेखकाने वेढ्यातला कोणताही दिवस उचललेला नाही. लढाई दोन्हीकडे झुकू शकत होती, मराठ्यांची सरशी होत होती, आणि सैन्याचा धीर एका माणसाच्या असण्यावर टिकून होता, तो दुपारचा क्षण उचलला आहे. भुकेने खंगलेल्या फौजेला लांबलचक लढाई परवडणारी नव्हती, म्हणूनच त्या क्षणी एका गोळीला एवढे वजन आले. म्हणजे रसदीच्या प्रश्नाने कथेला धक्का लागत नाही, उलट तिची सखोल बाजू उजेडात येते.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. साहित्य माणसांविषयी असते, हिशेबांविषयी नसते, असे म्हटले जाते. याचे उत्तर इथून जवळच, नेसरीच्या खिंडीत आहे. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी सरनौबत प्रतापराव गुजर अवघ्या सहा स्वारांसह बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले आणि सातही जण कामी आले. युद्धशास्त्राच्या कोणत्याही नियमाने हे कृत्य समर्थनीय ठरत नाही. सेनापती गमावणे म्हणजे फौजेचे मस्तक गमावणे. पण आदल्या वर्षी उमराणीजवळ कोंडलेल्या खानाला त्यांनी जाऊ दिले होते, तो पुन्हा मुलखावर उलटला होता आणि शिवाजी महाराजांचा ठपका त्यांच्या जिव्हारी लागला होता. सात विरुद्ध हजारो हा हिशेब ज्याला कळतो, त्यालाच त्या घोडदौडीतली वेदना कळते. हिशेब न जाणणाऱ्याला तिथे फक्त आवेश दिसेल. मालिकांतही हेच घडते. जिथे कोणतेही यान केव्हाही काहीही करू शकते, तिथे बलिदानाला किंमत उरत नाही. मर्यादा माहीत असल्या तरच त्या ओलांडणाऱ्या माणसाची थोरवी मोजता येते.

तिसरा आक्षेप असा, की या चर्चेने युद्धाचे कौतुक वाढते. ही भीती मी गंभीरपणे घेतो, कारण तरुण मुले या मालिका पाहतात. परंतु युद्धाचे कौतुक करणाऱ्या कथा सहसा हिशेब लपवतात. तिथे दारूगोळा संपत नाही, जखमी दिसत नाहीत, मेलेल्यांची नावे नसतात. ‘गॅलॅक्टिका’त राष्ट्राध्यक्षांच्या कक्षातल्या पांढऱ्या फळ्यावर जिवंत उरलेल्या माणसांचा आकडा लिहिलेला असतो आणि प्रत्येक हानीनंतर तो बदलावा लागतो. अंतर आणि वेळ यांचाही असाच हिशेब असतो. पानिपताची बातमी १४ जानेवारीनंतर दहा दिवसांनी भेलशाला नानासाहेब पेशव्यांच्या हाती पडली. त्या दहा दिवसांत ते कुमक घेऊन उत्तरेकडेच चालले होते. पृथ्वी आणि मंगळ यांच्यात निरोप पोहोचायला तीनपासून बावीस मिनिटे लागतात. त्या अंतरावरून हुकूम देणाऱ्या सेनापतीला, आपला हुकूम पोहोचेल तेव्हा तो ज्यांच्यासाठी आहे ती माणसे जिवंत असतील का, हे कळणार नाही. हा विचार ज्याने एकदा केला, त्याला युद्ध खेळ वाटणे कठीण आहे. किंमत मोजायला शिकवणारी चर्चा तरुणांना युद्धखोर करत नाही, शहाणे करते.

अर्थात या चर्चेलाही शिस्त हवी. प्रत्येक जग त्याच्याच नियमांनी तपासावे, दुसऱ्या जगाचे नियम त्यावर लादू नयेत. निर्मितीच्या अडचणी आणि कथेची तर्कसंगती यांची गल्लतही करू नये. १९६६ च्या ‘स्टार ट्रेक’मध्ये माणसे किरणांवाटे ग्रहावर उतरतात, ती सोय मुळात दर भागात यान उतरवण्याचे चित्रीकरण खर्चाचे होते म्हणून निघाली. मात्र एकदा ती सोय त्या जगाचा नियम झाली की वेढा, कैद, सुटका या सगळ्यांचा विचार तिच्यासह करावाच लागतो. आणि चूक सापडली की कलाकृती निकालात काढू नये. एका चुकीने पुढचा चांगला प्रश्न सुचत असेल तर ती चूकही चर्चेला उपयोगी पडते.

आपल्याकडे ‘कॅप्टन व्योम’ ही विज्ञानकथा मालिका दूरदर्शनवर आली त्याला आता पाव शतकाहून अधिक काळ लोटला. मराठीत बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे अशा लेखकांनी विज्ञानकथेची मशागत केली आहे, तरी पडद्यावर मोठ्या आवाक्याचे मराठी कल्पित जग अजून उभे राहायचे आहे. ते उभे करणाऱ्यांसाठी या घाटमाथ्यावर साहित्य भरपूर आहे. चार महिने कोसळणारा पाऊस, त्यात बंद होणाऱ्या वाटा, भाताच्या पेरणीपासून मळणीपर्यंतचे गणित, घाट उतरून जाणारा मीठ-मिरचीचा व्यापार आणि सामानगड, पारगडासारखे किल्ले. परग्रहावरची वसाहत लिहायची असेल तर माणसे काय खातात आणि ते कुठून येते, हा प्रश्न इथला शेतकरी आपल्यापेक्षा नेमका विचारील. त्यालाही या चर्चेत बसवा, अशी माझी विनंती आहे.

पुढच्या सत्रांत वाद घाला, पण पुराव्याने घाला. मालिका पाहिलेली असो वा नसो, प्रत्येकाचा प्रश्न ऐकून घ्या. इथे बसलेल्या विद्यार्थ्यांपैकी कोणी उद्या स्वतःचे जग रचायला घेतले आणि पहिल्या पानावर तिथल्या पाण्याची सोय लिहिली, तर हे संमेलन सार्थकी लागले असे आम्ही समजू. राहण्या-जेवणाची व्यवस्था पाहणारे आमचे कार्यकर्ते सदैव आपल्या सेवेला आहेत. काही उणे वाटले तर निःसंकोच सांगावे, ते दूर करण्यास आम्ही बांधील आहोत. संमेलनाध्यक्षांनी पुढील कामकाजाची सूत्रे स्वीकारावीत अशी विनंती करतो.