ब्रिक्सच्या बँकेत समान मत, मग गावाचं मत कुठं?



जागतिक बँकेत ज्याचा पैसा जास्त, त्याचं मत मोठं. तिथं अमेरिकेचा वरचष्मा. म्हणून ब्राझील, रशिया, भारत, चीन, दक्षिण आफ्रिका या ब्रिक्स देशांनी २०१४ साली आपली वेगळी बँक काढायचं ठरवलं. पाचांचा वाटा सारखा, मतही सारखं. हे चांगलंच झालं.

पण बँक बदलली म्हणून गाव वाचत नाही. सरदार सरोवराला जागतिक बँकेचं कर्ज होतं. आपण लढलो, १९९३ मध्ये ते थांबलं. तरी धरण झालंच, नर्मदाकाठची आपली गावं बुडाली.

कर्ज वॉशिंग्टनचं असो की शांघायचं, जमीन आपलीच जाते. सरकार जगात समान मत मागतं, तर इथं ग्रामसभेचंही मत मानलं पाहिजे. ग्रामसभेला विचारल्याशिवाय मोजणीची साखळी रानात येऊ द्यायची नाही!