बुद्धिमापन आणि मुलाचा परिसर



बुद्धिमापनाची कसोटी जन्मास आली ती शाळेच्या गरजेतून. १९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने व थिओडोर सायमन यांनी ती तयार केली. वर्गात मागे पडणारी मुले ओळखून त्यांना वेगळे साहाय्य द्यावे, हा तिचा हेतू होता. बुद्धी जन्मतः ठरते व बदलत नाही, हे मत बिने यांना मान्य नव्हते. पुढे मात्र याच गुणांवरून मुलांवर आणि समाजसमूहांवर कायमचे शिक्के मारले जाऊ लागले.

या शिक्क्यांची पारख अमेरिकेत झाली. दक्षिणेकडील राज्यांतून न्यूयॉर्कला आलेल्या कृष्णवर्णीय मुलांचा अभ्यास ऑटो क्लाइनबर्ग यांनी १९३५ साली प्रसिद्ध केला. शहरातील वास्तव्य जितके दीर्घ, तितके गुण अधिक, असे त्यांना आढळले. मुळात हुशार कुटुंबेच स्थलांतर करतात, असा यावर आक्षेप होता. एव्हरेट ली यांनी फिलाडेल्फियात त्याच मुलांची वेगवेगळ्या इयत्तांत पुन्हा पुन्हा चाचणी घेतली व १९५१ साली निष्कर्ष मांडले. दक्षिणेत जन्मून तेथे पहिलीत दाखल झालेल्या मुलांचा सरासरी बुद्ध्यंक नववीपर्यंत सुमारे ६ गुणांनी वाढला होता. मुले तीच होती. बदलली होती ती शाळा आणि भोवतालचे जीवन.

परकी कसोटी जशीच्या तशी चालत नाही, हे मुंबई प्रांतातही ओळखले गेले. धारवाडचे व्ही. व्ही. कामत यांनी बिने कसोटीची कन्नड व मराठी रूपे सिद्ध केली. त्यांचा ग्रंथ १९४० साली प्रसिद्ध झाला. तथापि घरी गोंडी, कोरकू वा भिली बोलणाऱ्या मुलाची प्रमाण मराठीतील कसोटीत आधी भाषेची परीक्षा होते, मग बुद्धीची. ठरावीक वेळेत उत्तर देण्याची सवय, अनोळखी माणसापुढे बोलण्याचा धीटपणा, कागदावरील आकृत्यांचा सराव, हेही गुणांत नकळत मिसळते.

म्हणून कमी गुण दिसताच मुलाला मंदबुद्धी ठरविणे अन्यायाचे होय. घरची भाषा कोणती, शाळेत किती वर्षे गेली आणि कसोटी कोणत्या मुलांवर प्रमाणित झाली, हे आधी पाहिले पाहिजे. शिक्षकांनी मुलाची बोली जाणणाऱ्याचे साहाय्य घ्यावे व काही काळाने पुन्हा पडताळणी करावी. पंचायतीने अंगणवाडीतील व शाळेतील उपस्थितीकडे लक्ष पुरवावे. मुलाला शिकविण्यास कोठून प्रारंभ करावा, एवढेच बुद्ध्यंक सांगतो. ते कोठवर पोहोचेल, हे तो सांगत नाही.