बेत, नक्षी आणि कावा



आज आम्ही आपल्यापुढे जो शब्द घेऊन आलो आहोत, तो कोणा पंडिताच्या पोतडीतला नाही. तो साडीच्या दुकानात, सोनाराच्या पेढीवर आणि सुताराच्या कामावर रोज ऐकू येतो. ‘डिझाइन’ हा तो शब्द. तो म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे वेलबुट्टी उभी राहते. पण हाच अर्थ मनात धरून दोनतीनशे वर्षांपूर्वीचा इंग्रजी ग्रंथ वाचावयास बसले, तर वाचणाराची पानोपानी फसगत होते. ती कशी, हेच आज पाहावयाचे आहे.

शब्दाचे मूळ लॅटिन. ‘सिग्नम’ म्हणजे खूण. तीवरून जे क्रियापद झाले त्याचा अर्थ खूण करून दाखविणे, नेमणे. शेक्सपिअरच्या ‘रिचर्ड दुसरा’ या नाटकाच्या पहिल्याच अंकात राजा हे क्रियापद वापरतो ते याच अर्थाने. दोन सरदारांच्या द्वंद्वात विजयी कोण, हे आता न्यायदेवतेनेच दाखवून द्यावे, एवढेच त्याला म्हणावयाचे आहे. तेथे चित्र नाही आणि नक्षीही नाही.

खुणेपासून दोन वाटा फुटतात. कागदावर खूण केली तर रेखाटन होते. मनात खूण केली तर बेत होतो. इटालियन लोकांनी ‘दिसेन्यो’ या एकाच शब्दात दोन्ही अर्थ नांदविले. चित्र, शिल्प आणि वास्तू या तिन्ही कलांचा तो जनक, असे व्हासारीने १५६८ साली लिहिले. त्याच्या लेखी हात रेघ ओढतो ती मनात आधी ठरलेली असते. फ्रेंचांनी मात्र पुढे वाटणी केली. उच्चार एकच, पण हेतूसाठी एक लेखन आणि चित्रासाठी दुसरे. इंग्रजांचे घर एकत्रच राहिले. म्हणूनच इंग्रजी वाचताना घोटाळा होतो.

डॉक्टर जॉन्सनचा कोश १७५५ सालचा. त्यात या नामाचे अर्थ पाहा: आधी हेतू, मग योजना, मग दुसऱ्याच्या वाईटावर रचलेला डाव, आणि चित्रकाराच्या मनातली कल्पना अगदी शेवटी! आपण ज्याला मुख्य अर्थ समजतो तो पंगतीच्या टोकाला बसलेला आहे. त्या काळच्या पुस्तकात एखाद्या गृहस्थाला ‘डिझायनिंग’ म्हटले असेल, तर तो नक्षीकाम करणारा नव्हे, तो कावेबाज. त्याच्याशी मुलीचे लग्न ठरवू नये, असेच लेखकाला सुचवावयाचे असते.

भावकीतल्या इतर शब्दांचेही असेच. ‘प्लॉट’ म्हणजे मूळचा जमिनीचा तुकडा. आपणही गावाबाहेर प्लॉट घेतोच. मग त्या तुकड्याचा आराखडा, मग कोणताही आराखडा, आणि पुढे कट. १६०५ साली पार्लमेंट दारूने उडवून देण्याचा जो प्रयत्न फसला, त्याला इतिहासात हेच नाव पडले. आणि कथानकही तेच! ‘क्राफ्ट’ म्हणजे जुन्या इंग्रजीत बळ. जर्मन भाषेत आजही तोच अर्थ आहे. बळाचे कसब झाले, कसबाची लबाडी झाली. ‘कनिंग’ म्हणजे एके काळी नुसते ज्ञान. आज कोणाला कनिंग म्हटले तर तो रागावेल. ‘एंजिन’ या शब्दाचेही मूळ बुद्धी. लोखंड आणि वाफ मागाहून आली.

हे सारे शब्द एकाच उतारावरून का घसरले? आम्हाला वाटते, ज्याला आपल्यापेक्षा अधिक समजते त्याचे माणसाला कौतुक वाटते आणि भयही वाटते. कौतुक ओसरते, भय शब्दाला चिकटून राहते. इंग्रजांना हसण्याचे कारण नाही. नकाशा, नक्षी आणि नक्षा हे आपले तिन्ही शब्द एकाच अरबी मुळाचे. एक देश दाखवितो, दुसरी खांब सजविते, आणि तिसरा पाहुण्याने उतरवावा लागतो!

आता कोणी म्हणेल, शब्दांच्या या वंशावळीने आमचे काय अडले? अडते. विल्यम पेली याने १८०२ साली ग्रंथ लिहिला. माळावर घड्याळ सापडले तर ते कोणीतरी हेतुपूर्वक केले असे आपण मानतो, मग सृष्टीचाही कर्ता मानला पाहिजे, असा त्याचा युक्तिवाद. त्याचा सारा भार ‘डिझाइन’ या शब्दावर आहे. त्याचे भाषांतर ‘नक्षी’ केले तर युक्तिवाद लंगडा पडतो. नक्षी तर वाळूवर वाराही काढतो. केवळ ‘हेतू’ केले तर घड्याळाची चाके निसटतात. रचना आणि हेतू एकाच शब्दात बांधलेले आहेत, हे कळले तरच पुढचा वाद समजतो. डार्विनने तरुणपणी पेली आवडीने वाचला होता. १८५९ साली त्याने ही गाठ सोडविली. हेतूवाचूनही रचना घडू शकते, हे त्याने दाखविले. पेलीला मानावे की डार्विनला, हे ज्याने त्याने ठरवावे. पण शब्दच न समजता ठरवू नये.

पुढे गिरण्या आल्या. आकृती काढणारा एक आणि कापड विणणारा दुसरा, अशी फारकत वाढली. १८३७ साली लंडनमध्ये सरकारने या विद्येची शाळा काढली. १८४२ च्या कायद्याने मालावरच्या नक्षीला संरक्षण दिले. आकृती स्वतंत्रपणे विकाऊ झाली, आणि शब्दातला ‘हेतू’ मागे पडत गेला. दुकानात आपल्याला भेटतो तो हा अलीकडचा अर्थ.

आमचे मागणे थोडेच आहे. जुने इंग्रजी पुस्तक हाती घ्याल तेव्हा ओळखीच्या शब्दावर अधिक संशय धरा. अनोळखी शब्दासाठी आपण कोश उघडतोच. दगा देतो तो ओळखीचा. आणि एक समाधानाची गोष्ट. आपल्या सार्वजनिक बांधकाम खात्यात पूल-इमारतींच्या डिझाइनला ‘संकल्पचित्र’ म्हणतात. सरकारी शब्दांची आपण थट्टा करतो. पण या शब्दात संकल्पही आहे आणि चित्रही आहे. फ्रेंचांनी जे वेगळे केले, ते मराठीने पुन्हा एकत्र बसविले आहे.