हातात वाद्य नसलेला माणूस



आज मी वाद्यवृंदाच्या संचालकाविषयी बोलणार आहे. आमच्या हिंगोलीत असा माणूस कुठला, असे आपण म्हणाल. पण वरातीतला बँड आपण सर्वांनी पाहिला आहे. तेथे बँडमास्तर स्वतः वाजवीत पुढे चालतो. पाश्चात्य वाद्यवृंदात ऐंशी-शंभर वादक असतात आणि संचालक श्रोत्यांकडे पाठ करून उभा राहतो. हाती फक्त एक बारीक छडी. मग हा करतो काय?

उजव्या हाताने तो ताल व गती दाखवितो. डाव्या हाताने कोणी केव्हा सुरुवात करावी, कोणी आवाज दाबावा, हे सांगतो. इशारा सुराच्या किंचित आधी द्यावा लागतो. सूर निघून गेल्यावर हलविलेला हात व्यर्थ. वादकासमोर बहुधा त्याच्याच वाद्याची स्वरलिपी असते. संचालकाच्या वहीत मात्र सर्व वाद्यांच्या ओळी एकाखाली एक लिहिलेल्या असतात आणि त्या त्याला एकदम वाचाव्या लागतात. खरे काम तालमीतच उरकलेले असते. कार्यक्रमात आपण पाहतो ती निव्वळ आठवण करून देणे.

आपल्या मुंबईत १९३६ साली जन्मलेले झुबिन मेहता या कामात जगप्रसिद्ध झाले. वडील मेहली व्हायोलिनवादक. घरात संगीत असूनही आईची इच्छा मुलाने प्रतिष्ठेचा पेशा धरावा अशी होती, म्हणून मुलगा वैद्यकीय शिक्षणाकडे वळला. ते अर्ध्यावर सोडून १९५४ साली तो व्हिएन्नाला गेला. १९५८ मध्ये लिव्हरपूलची स्पर्धा जिंकली आणि १९७८ ते १९९१ न्यूयॉर्कचा वाद्यवृंद सांभाळला. २०१३ साली श्रीनगरच्या शालिमार बागेतही त्यांनी जर्मन वादकांसह कार्यक्रम केला.

संगीताबद्दल आपल्या समाजात मतभेद आहेत. तो वाद आज मी उकरत नाही. पण नौशाद साहेबांची हकीकत सांगतो. १९५२ च्या ‘आन’साठी त्यांनी शंभर वादक जमविले होते. ते स्वतः सांगत की, त्यांच्या लग्नात बँड त्यांच्याच ‘रतन’ची गाणी वाजवीत होता आणि सासरी मात्र नवरदेव शिंपी आहे असे सांगितलेले होते!

विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकी किती जणांनी जीवशास्त्र आपल्या मनाने घेतले, हे मला विचारायचे होते. हात वर करा म्हणत नाही. शेजारी वडील बसले आहेत.